दहातले चार

लाँड्रोमॅटमध्ये, तीन नंबरच्या ड्रायरला पाठ टेकून
लोर्ना हाकालाने वही उघडली आहे.
बाहेर मोंटानाची रात्र, उणे एकवीस.

एका पानावर एम.ए.ची फी, समोरच्या पानावर ट्रकचा गिअरबॉक्स.
दोन्ही आकडे जुळ्या भावांसारखे,
एकाला जेवू घालावं तर दुसरा उपाशी.

एक विद्यापीठ दिवसातून सहादा फोन करतं:
जागा संपत आल्यात, लोर्ना.
ऑनलाइन वर्गात खुर्च्या कोण मोजतं,
तिनं विचारलं
तर पलीकडे संगीत लागलं.

दुसरं फोनच करत नाही.
तिनंच केला, जेवणाच्या सुट्टीत, सँडविच काखेत धरून.
एक म्हातारा आवाज म्हणाला, थांबा, चष्मा शोधतो.
मग मान्यता कुणाची, ती कुठे पडताळायची,
सगळं सावकाश.
आणि अर्ध्यात किती जण सोडतात?
"दहातले चार. बहुतेक हिवाळ्यात."

चार.

ड्रायर थांबला. चादरी गरम,
त्यात एक मोजा भलत्याच कुणाचा.

तोटा आधी सांगेल त्याच्याशी व्यवहार कर,
बाप म्हणायचा,
खाणीत होता तेव्हा, आणि खाण बंद पडल्यावरही.

तिनं फीखाली रेघ ओढली.
ट्रक अजून एक हिवाळा
दुसऱ्या गिअरवरच चालेल.