ऐकीव भूतकाळ

क्राकोव्ह, चौथा मजला, फेब्रुवारी.
रेडिएटर मधूनच ठणकतो.
बोग्नाच्या प्रबंधात चारशे बारा उदाहरणं,
सगळी तुर्की क्रियापदाच्या एकाच शेपटीची: मिश.
डोळ्यांनी पाहिलं नाही, नुसतं कानावर आलं,
तर ती लावायची.
आपण नाही का, वाक्याच्या टोकाला
'म्हणे' चिकटवून हात झटकतो, तसं.
तिच्या पोलिशमधल्या क्रियापदाला ही पळवाट नाही.
तिथं गेला म्हणजे गेला.

परीक्षक नेवझत बे अंकाराहून आलेत.
चहाचा कागदी पेला गोल फिरवत विचारतात,
"ही सगळी पुस्तकांतली. एखादं तुमचं स्वतःचं?"

ती तळटिपा चाळते. उगाच.
मग म्हणते,
"बाबाम गित्मिश."
बाबा गेले म्हणे.

"तुम्ही घरी नव्हता?"
"होते. चार वर्षांची. झोपले होते.
सकाळी खुंटीवर कोट नव्हता,
आणि त्यांच्या बुटांखालचं वर्तमानपत्र
अजून ओलं होतं."

खोलीत कुणीच काही बोलत नाही.
मग प्राध्यापक ग्झेला पेन्सिल उचलतात,
"म्हणजे हे ऐकीव नव्हे. खुणांवरून केलेलं अनुमान.
तिसऱ्या प्रकरणात जाईल."

"हो," बोग्ना म्हणते, आणि समासात लिहिते:
उदाहरण चारशे तेरा.
स्रोत:
इथं पेन अडतं.
आईनं सांगितलं होतं, एकदाच,
भांडी विसळताना,
साध्या भूतकाळात.