यानाचा रंग

फेरीबोटीतून आज दिवाडीला पार्सल आलं,
बांगड्यांच्या टोपलीला टेकून.
नऊशे बारा ठोकळे. सगळे करडे.

त्याआधी चार महिने मी भेटेल त्याला विचारत होतो:
रविवारच्या मालिकेतलं आपलं ते यान,
कुठल्या रंगाचं होतं?

आकार पाठ आहे मला.
नाकाशी कुर्लीच्या नांग्या, पोटाखाली तीन दिवे,
आणि शेपटीची ती तिरकी पाती
जी संगणकावर रचताना सतरा वेळा निखळली
नि शेवटी दोन उलट्या बिजागऱ्यांवर तगली.
पण ठोकळे मागवायचे तर रंग सांगावा लागतो.
मालिकेची टेप कुणाकडे उरली नाही.
टीव्ही एकच होता, कोन्सेसांव बायकडे.
बावीस जण जमिनीवर, चपला बलकांवात.

म्हाडू न्हावी म्हणाला, निळं.
कात्रीसुद्धा थांबवली नाही, इतकी खात्री.
रूझार कुवेतहून ओरडला, नारिंगी रे, नारिंगी!
आई म्हणाली, हिरवं. बिंबलासारखं.
मी तिघांचे तीन आराखडे काढले.
एकही उडेल असं वाटेना.

मग कोन्सेसांव बायकडेच गेलो.
चिंच सोलत होती. वर न बघता म्हणाली,
'रंग कसला, पुता? काळा-पांढरा होता तो.
माझ्या घोवानं पणजीहून प्लास्टिकचा कागद आणला
आणि काचेवर चिकटवला.
वर निळा, मध्ये नारिंगी, खाली हिरवा.
बातम्या सांगणाऱ्या बाईचे केस निळे, हनुवटी हिरवी!'
हसता हसता तिला ठसका लागला.
मी पाणी दिलं. विचारलं, कागद आहे अजून?
'कोंबड्यांच्या गुडाला लावलेला. वादळात गेला.'

परतताना उतारावर हिशेब लागत गेला.
म्हाडूला बाप दुकानात बोलवायचा, उड्डाण झालं की लगेच.
रूझारला फक्त मधल्या लढाया आवडायच्या.
आणि आई यायची भांडी घासून, पदराला हात पुसत,
दारातच उभी राहायची.
तिनं ते यान
कधी उडताना पाहिलंच नव्हतं.

माझं म्हणाल तर
मी काचेच्या इतका जवळ बसायचो
की यान दिसायचंच नाही.
दिसायचे ठिपके. ओळीनं, उंचवट्यांसारखे, थरथरणारे.

आता तेच बोटांखाली आहेत.
पाती पुन्हा निखळली, अठराव्यांदा.
बिजागरी फिरवून दाबली. टक्.

स्वयंपाकघरातून नळ बंद झाल्याचा आवाज.
'उतरलं काय रे?'

अजून नाही, आई.
ये सावकाश.