फळ्याचा उजवा कोपरा

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात
माझी तीन ओळींची जहागीर :
पट, हजर, तापमान.
आठवी ब, सकाळची शाळा,
उगावच्या अलीकडे, द्राक्षबागांना पाठ लावून बसलेली.
सात दहाला मी पोहोचते,
खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेली
खैरनार सरांची तापमापी वाचते
डोळा पाऱ्याच्या रेषेत आणून, श्वास धरून,
तोंडाची वाफ काचेला लागू न देता.
मग बाकं मोजते.

पट ४२. हजर ३९. तापमान ९.
पट ४२. हजर ३४. तापमान ६.
पारा उतरला की पोरंही उतरतात.
सर म्हणाले, काढा आलेख.
आडव्या अक्षावर डिसेंबर,
उभ्यावर आम्ही.

बेचाळिसावा हिरामण भोये,
हजेरीपटाच्या तळाशी लाल शाईनं चढवलेला,
सुरगाण्याहून आईबापासोबत
बागेच्या कामाला आलेला.
लेझमीत माझ्या समोर तोच.
चौथ्या ठेक्याला दोघांनी वाकायचं,
उठताना जागा बदलायची.
तो नसला की माझी लेझीम
हवेला रामराम करून परत यायची
आणि मागची वैशाली माझ्यावर आदळायची.
बाई शिट्टी काढून ओरडायच्या,
"तिथं भोक का पडलंय?"

थंडी कडक झाली की बागेत रात्रभर शेकोट्या.
मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून
ओळीओळीतून ओला काडीकचरा धुमसत ठेवायचा,
विझला की फुंकायचा.
हिरामण पहाटे तिथूनच यायचा,
शर्टाला धुराचा वास, भुवईवर राख,
प्रतिज्ञा म्हणताना उभ्या उभ्या पेंगायचा.
इतिहासाच्या तासाला डोकं बाकावर.
"सर, हिरामण झोपलाय!"
सरांनी पटावरची नजर काढली नाही.
"झोपलेला आहे," म्हणाले. "पण आहे."
आणि त्याच्या चौकोनात टिंब न देता
रेघ ओढली.

एका गुरुवारी मी नव्हते.
मावसबहिणीचा साखरपुडा, पंचवटीत.
जिलेबी खाल्ली, फोटो काढले,
शाळेची आठवण एकदाही आली नाही, खोटं कशाला बोलू?
परत आले तर कोपरा कोरा.
एक्केचाळीस जणांत एकालाही
खिडकीपर्यंत जावंसं वाटलं नव्हतं.
मी म्हटलं, "सर, बुधवारी सहा, शुक्रवारी पाच,
मधे साडेपाच लिहू?"
सर म्हणाले,
"आपण नव्हतो तो दिवस अंदाजे लिहायचा नाही.
रेघ तोड तिथं."

तेव्हा शेवटच्या बाकावरनं डोकं वर आलं.
"त्या रातीला बादलीत काच धरली हुती, सर.
मी बोटानं मोडली."
वर्ग हसला. सर हसले नाहीत.
आलेखात जिथं रेघ तुटली होती
तिथं त्यांनी मला पेन्सिलीनं लिहायला लावलं :
बादलीत काच. हिरामण.
अख्ख्या तक्त्यात अंक नसलेली
ती एकच जागा.

मार्चअखेर बागा रिकाम्या झाल्या.
एका रविवारी पिकअपमधे भांडी, गोधड्या, शेळी
आणि शेळीला धरून हिरामण.
दाखला कुणी न्यायला आलं नाही,
म्हणून नाव तसंच राहिलं पटावर.
सर रोज हाक मारतात, बेचाळीस,
मोजून दोन श्वास थांबतात,
मग वही मिटतात.

पट ४२. हजर ४१. तापमान २३.

महाराष्ट्र दिनाच्या सरावाला बाई म्हणाल्या,
"ओळ जुळवून घ्या गं."
कुणीच सरकलं नाही.
चौथ्या ठेक्याला मी वाकले,
उठताना रिकाम्या जागेत गेले.
मागची वैशाली
आता आदळत नाही.