मान थोडी वाकलेली

अंबडच्या टूलरूममधून रिटायर झालेले ओबेद साळवे
गिटारला गिटार म्हणत नाहीत.
"जॉब आडवा ठेव," म्हणाले.
शरणपूरच्या त्यांच्या ओट्यावर, दुहेरी घडी घातलेल्या सतरंजीवर
मी माझी बास ठेवली.

फीलर गेज त्यांच्या चष्म्याच्या घरातच असतं.
पहिल्या पट्टीवर तार दाबली, शेवटच्या पट्टीवर दाबली,
मधल्या फटीत पातळ पान सरकवून बघितलं,
सरकेना.
"मान फार ताठ आहे."
मला वाटलं, माझीच.
घरचेही हेच म्हणतात.

"द्राक्षवाले रात्री शेकोट्या पेटवतात ना,
त्या थंडीत लाकूड आखडतं.
मग तार पट्टीवर आपटते, भुणभुणते.
तानपुऱ्यात आपण तिला जवारी म्हणतो, तिथे ती शोभते.
इथे मान थोडी वाकलेली हवी.
पॉइंट थ्री. जास्त नाही.
जास्त वाकली की बोटं दुखतात."

ट्रस रॉड पाव फेरा सैल. मग चहा.
लाकडाला सावरायला रात्रभर दे, म्हणाला
एकतीस वर्षं पॉवर प्रेसपुढे उभा राहिलेला माणूस,
ज्याला कुणी सावरायला दहा मिनिटं दिली नसतील.

नट प्लास्टिकचा होता, तो त्यांना बघवेना.
भद्रकालीच्या भंगारातून एक पितळी कडी आणली,
कुणाच्या तरी दाराची.
कापली, घासली, सुई-कानशीने चार खाचा पाडल्या.
खाच किती खोल, हे मोजलं नाही,
नखाने बघितलं.
इतकी वर्षं कुणाला तरी आत ठेवणारी ती कडी
आता चार तारा सोडत होती.

"जी तार बरी वाटते का?" मी विचारलं.
ते पितळ पुसत राहिले.
पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.
मग बायको आतून म्हणाली, "त्यांना वरचं ऐकू येत नाही गं.
कुकरची शिट्टी नाही, फोन नाही, नातीची हाक नाही.
प्रेसनं नेलं सगळं."

ओबेदकाकांनी पान्हा खाली ठेवला,
बासच्या शिंगाला जबडा टेकवला, डोळे मिटले.
"ई वाजव. उघडी."
वाजवली.
"आता बारावी पट्टी."
वाजवली.
बोटाने खूण केली: अजून जरा.
घोडीचा स्क्रू एवढासा फिरवला, पुन्हा जबडा.
माझ्या फोनवरचा काटा
त्यांच्यानंतर हिरव्यावर आला.

पुढच्या शनिवारी मी त्यांना मेन रोडला नेलं.
ऑर्केस्ट्रात आता पाच तारांची मागतात,
घ्यायची तर कुठली, एवढंच विचारायचं होतं.
दुकानातला मुलगा सांगत होता,
अ‍ॅक्टिव्ह, पॅसिव्ह, हा रंग फक्त दोनच पीस.
काकांनी एकीची खुंटी पिळली:
आधी काहीच नाही, मग एकदम उडी. परत ठेवली.
एकीचा गुळगुळीत लाल रंग नखाने दाबून म्हणाले,
"लाकूड गुदमरलंय."
मुलगा माझ्याकडे बघायला लागला.

कोपऱ्यात एक होती, कड उडालेली, डिस्काउंटवाली.
तिच्या शिंगाला जबडा टेकवून
त्यांनी स्वतःच अंगठ्याने
पाचवी तार ओढली.

अँपला लावलेलीच नव्हती.
मला लाकडाचा नुसता एक हुंकार आला,
आणि त्यांना काय आलं, कुणास ठाऊक.
गालावरची शिर हलली.
रस्त्यावर रिक्षा, भोंगे, कुणाची तरी भांडणं.
ते तसेच वाकून उभे,
मान थोडी झुकलेली, पॉइंट थ्री.

मी वाट बघत होते, आता किंमत विचारतील.
त्यांनी विचारलं,
"ही अजून खाली जाते का?"