टंच

हुपरीत चौतीस वर्षं मी टंच काढतो.
कातरीनं कोपरा कापायचा, तेजाबात टाकायचा,
खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर वाफ घशाला लागते.
मग मिठाचं पाणी, थेंब थेंब.
चांदी दह्यासारखी तळाला बसते,
तांबं असेल तर वरचं पाणी निळं होतं.
दिसायला फार देखणं असतं ते निळं.

पोरीनं जबाबात नाव सांगितलं होतं.
एकच. वसतिगृहाचा रेक्टर,
गणपतीत बक्षिसं वाटणारा,
माझ्या थोरल्याच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसलेला.
सकाळी अकराला ते नाव फौजदाराच्या वहीत होतं.
चारला पेठेत त्याचं "एक इसम" झालं,
दिवेलागणीला "कुणीतरी",
आणि रात्री चौकात, जीपच्या टपावरच्या भोंग्यातून,
"ते लोक".

ते लोक म्हणजे मेदिनीपूरची पोरं,
एका खोलीत नऊ जण, पैंजणाच्या कड्यांना डाख लावणारी.
आम्ही डाख म्हणतो. भोंगा डाग म्हणाला.
"मी कुणावर आरोप करत नाही," म्हणाला,
"मी फक्त विचारतोय. हे आले कधी? हे घडलं कधी?"
मग आवाज खाली आणून,
"तुमच्या घरात लेकी नाहीत का हो?"
मला दोन आहेत.
माझा हात माझ्या आधी वर गेला.

त्या रात्री नोबिनच्या खोलीचं दार फोडलं.
त्याचं झाळकाम गावात सगळ्यात बारीक,
जोड कुठं आहे ते भिंगातूनही सापडत नाही.

झोप नव्हती. दुकान उघडून बसलो.
निव्वळ खोट घेऊन माझ्याकडं कुणी येत नाही,
चाळीस टक्के तरी चांदी असतेच, त्याशिवाय खपणार कसं?
पोरीचं रडणं खरं होतं. त्याचाच मुलामा दिला
आणि आत काय वाट्टेल ते भरलं.
हेही खोटं बोलणार नाही मी:
तीन वर्षांमागं पॉलिशच्या भट्टीवर
खरोखरच एक बाहेरचा निघाला होता.
तेव्हा आम्हीच म्हणालो, गप बसा, दंगा होईल,
कारागीर निघून जातील, सीझन आहे.
त्या बाईनं गाव सोडलं.
त्या दिवशीचं पाणीही निळंच होतं,
मी भांडं नाल्यात ओतलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोरीची आई आली.
पदराच्या गाठीतून एक पैंजण काढला.
"किती येतील? बावड्याला कोर्टात जायचंय,
वकील पैसे मागतोय."
मग म्हणाली, "चौकात तिचं नाव तर घेतलं नाही न्हवं?"
नाही, म्हणालो.
"आणि त्याचं?"
त्याचंही नाही.

पैंजण लहान मापाचा.
"आम्ही दिलेला न्हाई," ती म्हणाली,
"तिच्या पेटीत गावला."
शेवटच्या कडीचा कोपरा कापलेला होता.
कातर ओळखली मी. माझीच.

मागल्या श्रावणात तो जोड टंचाला घेऊन आला होता.
त्याला मूलबाळ नाही, हे गावाला ठाऊक.
"किती टक्के?" त्यानं विचारलं,
"ब्याऐंशी," मी सांगितलं, चहा मागवला.
एवढंच विचारायचं असतं आमच्या धंद्यात.

वरच्या फळीवर जुनी पावतीबुकं असतात.
कुणाची चांदी, किती टक्के, कुणी तपासली.
त्याशिवाय पावती होत नाही.
स्टूल ओढलं. धूळ उडाली.
ती म्हणाली, "मोडायचा न्हाई व्हय?"
नको, म्हणालो, हा असाच राहू दे,
बसचे पैसे मी देतो.
श्रावणाचं बुक सापडेपर्यंत
ती पायरीवर बसून राहिली.