आरसे

लॅमिंग्टन रोडवर रूपेनने काउंटरवर तीन कार्डं मांडली.
दोन खोक्यांत, एक नुसतंच,
वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बांगड्यांसारखं.
म्हणाला, कांदळगावकर,
तुम्ही काय खेळता त्यावर आहे सगळं.

काय खेळतो.
ट्रक चालवतो, म्हटलं.
बेचाळिशी ओलांडली, लायसन्स नाही.
दिवसभर वडाळा-शिवडीचे जिने चढून मीटरचे आकडे टिपतो
आणि रात्री अकराला, सुविधा झोपली की,
नॉर्वेकडे कुठेतरी
वीस टन लाकूड घेऊन निघतो.
कुणी गोळी घालत नाही, कुणी मरत नाही.
रस्ता. बर्फ. डिझेलचा काटा.

तो हसला नाही. दुकानदार चांगला आहे.

अडचण एवढीच की झाडं उशिरा येतात.
समोर पांढरं मोकळं रान दिसत राहतं,
आणि अगदी अंगाशी आल्यावर
झाडं एकदम उभी,
मी लोकांच्या दारात उभा राहतो तशी,
मीटर बघायचाय म्हणत.
एकदा तर अर्धा पूल
मी त्यावर चढल्यानंतर झाला.
आरसे मी बंदच ठेवलेत केव्हाचे.
मागचं दाखवायचं तर कार्डाला पुन्हा तेवढेच कष्ट,
आणि सात वर्षांच्या त्या म्हाताऱ्याला
समोरचंच निभत नाही.

बारा जीबीचं घ्या, रूपेन म्हणाला, पुढची पाच वर्षं बघायला नको.
तीन पंखे, हातभर लांब,
खोक्यावर आग ओकणारा कुणीतरी.
मी आधी वॅट विचारले. सवय.
तीनशे.
रोजचे तीन तास धरले तर महिन्याला सत्तावीस युनिट,
म्हणजे घर पुढच्या टप्प्यात,
म्हणजे मी ज्यांना जिन्यात उभं राहून
बिल का वाढलं ते समजावतो
त्यांच्यातला एक मी.

गुंडाळलेलं निम्म्या किमतीत होतं.
मालाडच्या एका पोराने त्यावर वर्षभर नाणी काढली,
दिवसरात्र, एसीशिवाय.
मी नाकाशी धरलं.
तापून तापून विटलेल्या वायरीचा वास मला कळतो.
काही बोललो नाही, परत कागदात ठेवलं,
झोपलेल्याला पांघरूण घालावं तसं.

मग सुविधाला फोन लावला.
टेबलाखाली वाकून, ब्लाउजांच्या टेपने मोजून
तिने सांगितलं, साडेनऊ इंच,
आणि आत धूळ किती साचलीय ठाऊक आहे का तुला.
हातभर लांबीचा प्रश्न तिथेच मिटला.
आठ जीबीचं, दोन पंख्यांचं राहिलं.
मी किंमत सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली,
घे रे एकदाचं.
रात्री अंधारात बसून झाडांना शिव्या घालतोस,
मला ऐकू येतं.

अठ्ठावीस म्हणाला होता, सव्वीसला दिलं,
वर पेस्टची एक ट्यूब.
पगाराच्या फरकातले उरलेले पैसे
मी पुन्हा पुन्हा मोजले नाहीत.

रात्री अकराला निघालो.
झाडं लांबूनच यायला लागली,
एकेक, बर्फ अंगावर घेऊन,
आधी कळवून येणाऱ्या पाहुण्यांसारखी.
पूल होता. माझ्याआधीपासून होता.
पंखे इतके हळू की आतल्या खोलीतून
कूस बदलल्याचा आवाज आला.

तेव्हा आठवलं,
सेटिंगमध्ये जाऊन आरसे चालू केले.

दोन्ही बाजूंनी ते भरून आले.
साखळदंडाने बांधलेले ओंडके,
कापलेल्या टोकांची पिवळी वर्तुळं,
आणि त्यांच्यामागे
मी पार केलेला रस्ता, दूर जात जात अंधारलेला.
इतकी वर्षं ओढत होतो ते लाकूड
चालत्या गाडीत आज पहिल्यांदा पाहिलं.

पुढे वळण नव्हतं.
तरी वेग थोडा कमी केला.