सत्तावीस फूट

चर्चच्या तळघरात एकोणीस पोरं झोपलीत.
हवेच्या गाद्या, त्यातल्या चार पहाटेपर्यंत जमिनीला टेकणाऱ्या.
ओल्या मोज्यांचा वास, डासांच्या मलमाचा वास,
कोपऱ्यात नाताळच्या नाटकातला लाकडी गोठा,
त्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातलेत.
मी चोवीस वर्षांची. किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे,
म्हणून मी मोठी.

टॉलिव्हर गॅपमध्ये एक पेट्रोल पंप, तीन चर्चं
आणि खाण बंद पडल्यापासून
कुणालाच न अडवणारा एक सिग्नल.
व्हर्लीन स्टिडमच्या पोर्चला पाच पायऱ्या.
जानेवारीत तिचा पाय गुडघ्याखाली काढला, साखरेपायी.
तेव्हापासून ती वरून रस्ता बघते,
आणि तिचा तीन पायांचा कुत्रा तिला.
'दोघांत मिळून चार,' ती म्हणाली पहिल्याच दिवशी.
हसावं की नाही, कुणाला कळेना.

सोमवारी माप घेतलं. उंची सत्तावीस इंच.
इंचाला एक फूट, एवढाच नियम.
लीलंडनं वहीत लिहिलं सतरा.
आणि मी, किल्ल्यांची मालकीण, खाली सही केली.
तीन दिवस आम्ही सतरा फूट ठोकत राहिलो,
मानेवर ऊन, दातांत खिळे.
गुरुवारी रिकामी व्हीलचेअर वरून सोडली
ती थांबली थेट शेजाऱ्याच्या टोमॅटोंत.

लीलंड व्हॅनच्या मागे गेला. पंधराचा आहे.
माझ्या खिशात क्षमेवरचं छोटं भाषण होतं, कार्डावर लिहिलेलं,
घामानं शाई उतरलेली.
मी ते काढलं नाही.
गुडघे टेकले आणि खिळे उपटायला लागले.
बऱ्याच वेळानं शेजारी दुसरा हातोडा वाजला.

'फेकू नका ते,' वरून व्हर्लीन.
'माझा नवरा सरळ करायचा.'
तिनं कॉफीचा रिकामा डबा खाली घरंगळवला.
संध्याकाळपर्यंत पोरं दगडावर खिळे ठोकत बसली,
अंगठे चेचून घेत, एकमेकांना शिव्या देत,
माझ्याकडे बघून त्या अर्ध्यावर गिळत.
सरळ केलेला खिळा दुसऱ्यांदा लाकडात जाताना
कुरकुरतो.
जातो पण.

रात्री गोल बसायचं, मी विचारायचं:
आज देव कुठे दिसला?
प्रश्न माझा नाही, वरून छापून आलेला.
ओडेट म्हणाली, टोमॅटोंत.
हसून हसून दिवा हलला.
दुसऱ्यांसाठी प्रार्थना मला येते,
जशी व्हॅन चालवता येते, आरसे बघत, वेग सांभाळत.
स्वतःसाठी दोन वर्षं झाली,
किल्ली फिरवते, नुसती टक टक होते.
हे मी गोलात सांगितलं नाही.
आमेन म्हटलं, दिवा मालवला, एकोणीस डोकी मोजली.

शेवटच्या शुक्रवारी रॅम्प झाला. सत्तावीस फूट,
मधे एक वळण, कारण अंगणच संपलं.
केक आणला होता, कॅमेरा होता,
पास्टर इस्त्रीच्या शर्टात.
सगळ्यात आधी कुत्रा उतरला. खाली जाऊन वळून बघितलं त्यानं.
व्हर्लीननं चाकांवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.
'बघू,' ती म्हणाली.
केक आम्ही उभ्याउभ्या खाल्ला.

अहवालात एक रकाना आहे:
या उन्हाळ्यात किती जीवनांना स्पर्श झाला?
कुत्रा धरायचा का, मी विचार करत राहिले.

शनिवारी उजाडायच्या आत पोरांना घेऊन निघाले.
सगळी झोपेत, काचांना गाल लावून.
तिच्या घरापाशी वेग आपोआप कमी झाला.
रॅम्पवर दव होतं, आणि दवात
दोन बारीक रेघा, वळणापाशी जरा थरथरलेल्या,
खाली उतरून गवतातून
टोमॅटोंच्या वाफ्याकडे गेलेल्या.
तिथे अजून अंधार होता.
कुत्रा भुंकला नाही.
मी हॉर्न वाजवला नाही.